पाण्यातला चष्मा

चिंतामणरावांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि काळ्या रबराचा गॉगल कोपराच्या आतल्या बाजूला दाबून धरला. दुकानात आलेल्या एक बाई आपलं काम विसरून बघत राहिल्या.

"चिंतामणजी, चष्मा डोळ्यांवर लावून बघतात," दुकानदार दिनानाथ म्हणाले. "कोपराला काय दिसणार आहे?"

"डोळ्यांचं नंतर. आधी चमडी काय म्हणते ते बघू द्या."

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या त्या दुकानात पोहण्याचा गॉगल मागणारा माणूस क्वचितच यायचा. दिनानाथांनी मुंबईहून तीन नमुने मागवले होते. लाल रबराच्या गॉगलला सायकलच्या ट्यूबसारखा वास येत होता. दुसरा फटफटीवाले लावतात तसा, कातडी कडेचा. तो अंगाला सोसला असता, पण त्यात पाणी शिरणार हे दिनानाथांनीच सांगून टाकलं. राहिला तिसरा, मऊ काळ्या रबराचा.

चिंतामणरावांची कातडी जावयासारखी होती, कशावरून रुसेल सांगता यायचं नाही. घड्याळाचा पट्टा तिला चालत नसे, लोकर चालत नसे. तरुणपणी जवळच्याच हातोद गावची एक मुलगी सांगून आली होती. साखरपुड्याला मुलीच्या मामांनी कपाळाला कुंकू लावलं, आणि जेवणं होईपर्यंत तिथं लालभडक गांधी उठल्या. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही. चिंतामणरावांनी तेव्हा कुणाला काही समजावलं नाही, आणि मग ते लग्नाचं राहूनच गेलं. आई होती तोवर घरात बोलणं होतं. आता तेही नव्हतं.

होती ती बावडी. नदीपलीकडच्या त्या पायऱ्यांच्या विहिरीत सकाळी पाचसहा जणांचं टोळकं पोहायला जमायचं. होळकरांच्या फौजेतून निवृत्त झालेले प्रतापराव त्यांचे म्होरके. पाण्यात उतरण्याआधी सगळे पायऱ्यांवर एकामागे एक बसत, शंकररावांच्या वाटीतलं तिळाचं तेल घेत आणि पुढच्याच्या पाठीला चोळून देत. चिंतामणरावांच्या मागे शंकरराव बसायचे. दणकट हात, आणि तोंडानं ग्वाल्हेरच्या मंत्र्यांचा उद्धार. संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं होतं, चिंतामणरावांच्या महसूल कचेरीची पाटी बदलली होती, पण शंकररावांच्या मते कारभार बिघडला तो सरकार उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला पळतं म्हणून. चिंतामणराव हूं हूं करत. त्यांना राजकारणाचं काही नव्हतं. दिवसभरात दुसऱ्या माणसाचा हात त्यांच्या अंगाला लागायचा तो तेवढाच, आणि त्यासाठी ते पहाटे उठायचे.

यंदा गावात कॉलऱ्याची साथ येऊन गेली आणि बावडीत ब्लीचिंग पावडर पडू लागली. बाकीच्यांचे डोळे थोडे चुरचुरत, चिंतामणरावांचे सुजून बंद होत. डॉक्टर म्हणाले, पोहणं सोडा नाहीतर गॉगल घ्या. पोहणं सोडा म्हणायला डॉक्टरांचं काय जात होतं?

काळा गॉगल ते परीक्षेला म्हणून घेऊन गेले. दिवसभर कचेरीत तो बाहीखाली कोपराला बांधलेला होता. शेजारच्या बाबूरावांनी दंडाला काय झालं म्हणून विचारलं, तर चिंतामणरावांनी ताईत आहे असं दडपून सांगितलं. संध्याकाळी सोडून पाहिलं तर कातडी अगदी शहाण्यासारखी वागली होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गॉगल विकत घेतला.

बावडीवर त्याचं मोठं कौतुक झालं. प्रतापरावांनी स्वतः लावून पाहिला, सगळे हसले. नेहमीप्रमाणे तेल झालं, पाठीला, दंडांना, तोंडाला, आणि चिंतामणरावांनी गॉगल चढवून उडी घेतली. डोळे अजिबात झोंबले नाहीत. पाण्याखाली सगळ्यांचे पाय दिसत होते, पार तळाचा दगड दिसत होता. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते सगळ्यांत शेवटी बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांभोवती लाल कडी उमटली. पाचव्या दिवशी त्यांतून पाणी येऊ लागलं. शंकरराव त्या दिवशी एक पायरी मागे सरकून बसले आणि बोट दुखतंय म्हणाले. साथ नुकतीच गेलेली, लोक साध्या खोकल्यालाही दचकत होते. चिंतामणरावांना ते कळत होतं. त्यांनी उद्यापासून काही दिवस येत नाही म्हणून सांगितलं, आणि कुणीही का म्हणून विचारलं नाही. त्याचं त्यांना फार लागलं.

घरी बसून त्यांनी गॉगल पुन्हा कोपराला बांधला. काही झालं नाही. मग एक दिवस काय मनात आलं, दुसऱ्या कोपराला तेल चोळून त्यावर बांधला. संध्याकाळपर्यंत तिथं तसंच लाल कडं उठलं. परीक्षा घेतली ती कोरड्या कोपरावर, आणि रोज घालायचा मात्र तेलकट तोंडावर. तेल लागलं की रबर बिघडत होतं, एवढंच. चिंतामणराव मोठ्यानं हसले. मग ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि घरात सांगायला कुणी नव्हतं.

तोंड पुरतं बरं होईपर्यंत त्यांनी धीर धरला. मग एका सकाळी बेसन लावून चेहरा स्वच्छ धुतला आणि ते बावडीवर गेले.

"या, या, चिंतामणराव," प्रतापराव म्हणाले. सगळ्यांनी तब्येत विचारली. चिंतामणराव आपल्या नेहमीच्या पायरीवर पाठ करून बसले आणि पुढं बघत राहिले. मागे काही हालचाल होईना, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. शंकरराव आता वरच्या पायरीवर दुसऱ्या कुणाची पाठ चोळत होते.

हातोदच्या वेळी बोललो नाही, आता बोलायचं, असं त्यांनी येतानाच ठरवलं होतं. त्यांनी कोपरांची सगळी हकीकत सांगितली. तोंडाला तेल लावलं नाही तर काही होत नाही, हा चेहरा बघा, हा रोगबिग नाही, कुणाला लागत नाही. प्रतापरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबरच असेल तुमचं," ते म्हणाले. "तुम्ही या ना, रोज या, आम्ही कुठं नाही म्हणतो? पण घरात नातवंडं आहेत, चिंतामणराव. गुस्सा करू नका."

शंकररावांना राहवलं नाही. ते वाटी घेऊन दोन पायऱ्या उतरले, थांबले, आणि वाटी उंच धरून म्हणाले, "हात पुढं करा भिया, वरून घालतो."

चिंतामणरावांनी त्या वाटीकडं पाहिलं. आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही, हे शंकररावांना ठाऊक होतं.

"नको, नको," ते म्हणाले. "मी घरून लावूनच आलोय."

त्यांनी गॉगल चढवला आणि उडी घेतली. बराच वेळ ते एका कडेनं पोहत राहिले. डोळ्यांना काही त्रास झाला नाही.

पोहून झाल्यावर सगळे पायऱ्यांवर आले. तेल चोळलेल्या पाठींवर पाणी ठरत नव्हतं, थेंब थेंब होऊन घरंगळत होतं. चिंतामणरावांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत सपाट ओली झाली होती आणि तिच्यावर थंडीनं काटा आला होता. शंकररावांनी ते पाहिलं. मग खाली मान घालून त्यांनी आपला पिळून झालेला पंचा पुन्हा पिळायला घेतला.