हितचिंतकांचे आभार

जमा

मी एक जुने टेबल टेनिसचे टेबल आहे. मित्रांनो, माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. हिरवा रंग पुरता वाळायच्या आतच मला या क्लबात आणले. तेव्हा माझे फार कौतुक झाले. माझ्यावर खेळलेली पोरे आता आपल्या पोरांना घेऊन येतात. वर्गणी मात्र तेव्हाचीच.

खर्च

भाडे. वीज. चेंडू. गळके छत.

दरवर्षी तूट. दरवर्षी सभेला माझी जाळी काढतात, माझ्यावर चहाचे कप मांडतात आणि खजिनदारकाका वाचून दाखवतात, "तूट एका हितचिंतकाने भरून दिली." टाळ्या. वर्गणी वाढवण्याचा विषय पुढच्या सभेवर.

हा हितचिंतक म्हणजे स्वतः काकाच. हे फक्त काकूंना ठाऊक, आणि मला. कारण सभेच्या आदल्या संध्याकाळी दोघे माझ्यापाशीच हिशेब जुळवत बसतात.

"अहो, एकदा सांगून टाका ना," काकू म्हणायच्या.

"सांगितलं तर कुलूप लावून मोकळे होतील. पोरं कुठे जातील?" मग आवाज खाली यायचा. "तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी मी तुम्हाला खोकल्यावरून ओळखेन," असे म्हणून काकू हसायच्या.

यंदा डॉक्टरांनी बजावले, आता थांबलात तर डोळा हातचा जाईल.

पुन्हा खर्च

आज सभा झाली. काका उभे राहिले.

"यंदा हितचिंतकांना जमणार नाही."

अध्यक्ष हसले. "अहो, देणारी माणसं आधी नाहीच म्हणतात. आपण आभार आत्ताच मानून टाकू, म्हणजे त्यांनाही मागे फिरता येणार नाही."

ठराव. टाळ्या.

काकांनी तोंड उघडले. मिटले. मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मी चार पायांवर उभे. पाय आहेत, तोंड नाही.

तूट

सगळे गेले. काकू कप उचलून मला पुसू लागल्या. चहाची गोल वर्तुळे एकेक करून गेली. कोपऱ्यातले एक राहिले.

"झालं ना स्वच्छ?" त्यांनी विचारले.

काकांनी त्या वर्तुळाकडे पाहिले. "झालं," ते म्हणाले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ओला कप माझ्यावर ठेवू नका. पुसणाऱ्याला तो डाग दिसेलच असे नाही.