जयाबाईंच्या साडीचा पडदा

पडदा म्हणून मला ओळखणारे बरेच आहेत, पण जन्माने मी साडी. सुती, पांढरी शुभ्र, बारीक निळ्या काठाची. त्यामुळे माझं बोलणंही साडीसारखंच, जरा ठसक्यातलं. तेवढं चालवून घ्या.

माझी मालकीण जयाबाई खरात. जालन्याकडून लग्न होऊन घाटकोपरच्या वस्तीत आल्या आणि साकीनाक्याच्या एका कारखान्यात बल्ब पॅक करायच्या कामाला लागल्या. मला त्या नेसायच्या फक्त बुद्धपौर्णिमेला आणि सहा डिसेंबरला. एरवी मी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. पांढऱ्या कपड्याचा त्यांना भारी सोस. घरी आल्या आल्या मला धुवायच्या, नीळ द्यायच्या आणि मी वाळेपर्यंत खाली उभ्या राहून पहारा करायच्या.

त्यांची मुलगी नीलम. ती सिनेमा शिकून आली ती गोष्टच नसलेले सिनेमे काढायचं खूळ डोक्यात घेऊन. पहिला सिनेमा तयार झाला, प्रोजेक्टर उसना मिळाला, पण दाखवायचा कशावर? घराच्या भिंती हिरव्या, चादरी सगळ्या फुलाफुलांच्या. जयाबाईंनी तिची शोधाशोध थोडा वेळ पाहिली. मग ट्रंक उघडली, मला मधोमध कापलं, दोन्ही तुकडे एकाखाली एक धरले आणि मशीनवर शिवून टाकले. कात्री चालली तेव्हा मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? नीलम तर रडायलाच लागली.

"आई, तुझी चांगली साडी होती गं ती!"

"मग? तुझा सिनेमा काय वाईट हाय?"

सिनेमा त्यांनी तोवर पाहिलाही नव्हता.

त्यात म्हणे आरे कॉलनीतल्या म्हशींच्या नुसत्या पाठी होत्या. म्हणे अशासाठी, की मला काही तो दिसला नाही. पडद्याचं नशीबच तसं. सिनेमा त्याच्या अंगावर पडतो आणि त्याला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. त्या दिवशीची तोंडं अजून आठवतात. कुणी जांभया देत होतं, कुणी मान खाजवत होतं. शेजारच्या एका काकांनी अगदी आस्थेने विचारलं, "पिक्चर चालू कधी होणार?" तेव्हा तो संपून गेला होता.

दुसरी कुणी असती तर गुपचूप नोकरी शोधली असती. नीलम मागे हटली नाही. तिने फिल्मवर सुईने ओरखडे काढले, फिल्म आईच्या बादलीत सोड्याच्या पाण्यात भिजवली, गच्चीवर उन्हात करपवली. साकीनाक्याच्या वर्कशॉपांत जाऊन माणसांचे नुसते हात टिपले. परदेशात बक्षिसं मिळाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. पेढा तोंडात टाकत लोकांनी विचारलं, "हिरो कोण आहे?" ती हसली आणि पुढच्या सिनेमाला लागली. अशी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही, आणि मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत.

पुढे ती अंधेरीच्या एका कॉलेजात शिकवू लागली आणि मायलेकी बोरीवलीला राहायला गेल्या. मुलांना ती कॅमेरा देऊन आरेत पाठवायची. "कॅमेरा हलवायचा नाही. हलायचं काम म्हशीचं." मुलं वैतागायची, आणि चार दिवसांनी तीच मुलं म्हशीच्या कानाबद्दल तासभर बोलायची. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये मला टांगून त्यांचे आणि तिचेही सिनेमे दाखवले जायचे. नीलम मात्र माझ्याशेजारी स्टूल टाकून, लोकांकडे तोंड करून बसायची. मांडीवर छोटा कॅमेरा.

"आधी बघणाऱ्याकडे बघायला शिका रे," ती सांगायची. "आपण काय केलंय ते तिथे कळतं."

इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बघणारी ती एकटीच. मला तिचा अभिमान वाटायचा.

जयाबाई कायम पहिल्या रांगेत. पण त्या सिनेमा बघत नसत, मला बघत. कुठे चुणी पडलीय, कुठे डाग पडलाय, सगळं लक्ष तिकडे. एखादा मुलगा जवळून गेला की लगेच ओरडायच्या, "ए, हात नको लावू रे, पांढरं हाय ते!" मुलं हसायची. मीही त्यांच्याकडेच बघत असायची. सिनेमा कुठलाही असो, आम्ही दोघी एकमेकींना बघत बसायचो.

मग जयाबाई गेल्या. त्यांनीच धुऊन घडी घातलेली मी कपाटात तशीच राहिले. नीलमने मला बाहेर काढलं नाही. मुलांचे सिनेमे ती कॉलेजच्या टीव्हीवर दाखवू लागली.

गेल्या वर्षी प्रबुद्ध घरी आला. तिचा जुना विद्यार्थी, आता अंधेरीच्या एका हॉलमध्ये सिनेमांचे कार्यक्रम करतो. मॅमच्या सगळ्या सिनेमांचा महोत्सव करायचं त्याने ठरवलं होतं. स्वतःच्या शहरात असा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता. शेवटी तिचा नवा सिनेमा होता, 'पहिली रांग'. तेव्हा नीलमने कपाट उघडून मला पलंगावर पसरलं.

"नवा सिनेमा ह्याच्यावर दाखवायचा."

"मॅम, हॉलचा पडदा एकदम झकास आहे ना! ह्याला मधे शिवण आहे, वर काठ आहे..."

"काठ दिसू दे."

"हॉलवाले नाही म्हणतील. त्यांच्या पडद्यावर काही टांगायचं नाही."

"मग हा नको दाखवू. बाकीचे दाखव."

"अहो, लोक ह्याच्यासाठीच येणार आहेत! वाट लागेल माझी."

"प्रबुद्ध, सांगितलं ना."

मला तर काही सुचेना. एका जुनेराच्या हट्टापायी हिने इतक्या वर्षांनी चालून आलेली संधी का घालवावी? तोंड असतं तर मी तिला दोन शब्द सुनावले असते.

प्रबुद्ध हुशार. हॉलच्या पडद्याला धक्का न लावता त्याने पुढे दोन स्टँड उभे केले, आडवी काठी बांधली आणि मला तिच्यावर टांगलं. मागे तो एवढा मोठा पडदा आणि पुढे मी एवढीशी. मला लाजल्यासारखं झालं.

नीलम नेहमीसारखी माझ्याशेजारी स्टूल टाकून बसली. दिवे गेले. माझ्या अंगावर उजेड पडला. मी सवयीने पहिल्या रांगेत पाहिलं, मधली खुर्ची रिकामी होती. बाकीची तोंडं मात्र वेगळीच दिसत होती. कुणी जांभई देईना. जुने विद्यार्थी आधी हसले, मग पुढे झुकून बघू लागले. प्रबुद्धने तोंडावर हात धरला. माझ्यावर काय चाललंय ते मला कळेना.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. "ए, हात नको लावू रे, पांढरं हाय ते!"

जयाबाई! माझ्या अंगावर जयाबाई होत्या. दर शनिवारी स्टुलावर बसून नीलम त्यांना टिपत होती, त्या मला न्याहाळत असताना. एवढी वर्षं आईने लेकीचा सिनेमा नीट पाहिला नाही आणि लेकीने त्या न पाहण्याचाच सिनेमा केला. आता कळलं, ती माझ्यासाठी का अडून बसली. त्यांचा चेहरा त्यांच्याच साडीवर पडायला हवा होता.

नीलम स्टुलावरून उठली. पहिल्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने समोरून माझ्याकडे पाहिलं. अगदी आईसारखं. सिनेमा संपेपर्यंत एकही माणूस उठला नाही.

दिवे लागल्यावर लोक जवळ आले. एका मुलीने शिवण बघायला बोट पुढे केलं.

"ए, हात नको लावू गं, पांढरं हाय ते!" नीलम ओरडली. आणि मग तिथेच खुर्चीत बसून खूप रडली.

सध्या मी बोरीवलीच्या गच्चीवर वाळतेय. नीलमने स्वतः धुतलं. एवढी मोठी कलावंत, पण नीळ जास्त घातली, अंगभर निळे ठिपके पडले आहेत. जयाबाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. शनिवारी मुलांचे सिनेमे आहेत, मला पुन्हा टांगणार आहेत. तुम्हीही या. कंटाळा आला तर खुशाल जांभया द्या, मला सवय आहे. फक्त पहिल्या रांगेतली मधली खुर्ची सोडून बसा. तिथे आता नीलम बसते.