झालरीचा तिसरा तुकडा

काकूंनी मखमलीवरून तळवा वरून खाली फिरवला आणि पुन्हा खडूच्या खुणांकडे पाहिलं. तिसरा तुकडा उलटा आखला होता. कापड वाचावं म्हणून चिमणीने झालरीचे कमानदार तुकडे एकमेकांत उलटसुलट बसवले होते. साध्या कापडाला ते चालून जातं. मखमलीची लव मात्र एकाच दिशेला हवी, नाहीतर रंगमंचावर दिवे लागले की एवढा एकच तुकडा काळपट दिसणार. काकू काही बोलल्या नाहीत. आपल्या जागेवर जाऊन सुईत दोरा ओवत बसल्या.

नाटकांचे पडदे शिवणाऱ्या त्या कारखान्यात चिमणीला कात्री धरायला काकूंनीच शिकवलं होतं. मागच्या आठवड्यात मालकांनी तिला मुख्य कारागीर केलं. काकूंनी सगळ्यांसमोर तोंडभरून कौतुक केलं, आणि त्या दिवसापासून त्या तिला मॅडम म्हणू लागल्या, अहो-जाहो करू लागल्या. इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. इथे हसतमुखाने काम करायचं, रुसवेफुगवे दाराबाहेर, असं मालक येता-जाता बजावत. काकू ते अगदी मनापासून पाळत होत्या.

ही मखमल खास रंगवून घेतलेली होती. तसला दुसरा तागा मिळणार नव्हता. ती वाया गेली असती तर चिमणीची नवी जागा पहिल्याच कामात गेली असती, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी चिमणीने कात्री उघडली. काकूंच्या मनात आनंदाची उकळी फुटली आणि तिचीच त्यांना धास्ती वाटली.

"थांब," त्या म्हणाल्या. "तिसरा तुकडा उलटा आहे. मी सकाळीच बघितलं होतं."

चिमणीने कात्री हळूच खाली ठेवली. "मग बोलला का नाहीत?"

आत्ताच लक्षात आलं, असं अजूनही फिरवता आलं असतं. काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मला तुझा राग येतो. ही जागा माझी होती, असं मला वाटतं. तू तोंडावर आपटावीस म्हणून मी गप्प बसले."

कोपऱ्यातलं शिलाई मशीन थांबलं. तिथे बसणारी बाई एरवी विनोदाशिवाय तोंड उघडत नसे. तिने मान खाली घालून सांगितलं की बघितलं तर तिनेही होतं, पण दोघींच्या मध्ये आपण कशाला पडा, म्हणून ती शिवत राहिली.

चिमणी स्टुलावर बसली. ती रडेल असं काकूंना वाटलं होतं, पण तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"मलापण तुमचा राग येतो, काकू. आठवडाभर नुसतं मॅडम मॅडम. चार शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं." मग तिचा आवाज उतरला. "मला या तुकड्याची शंका होती. विचारायची हिंमत होत नव्हती. पण सकाळी तुम्ही हात फिरवून गेलात ना, तेव्हा म्हटलं, काकूंनी बघितलंय, आता काळजी नाही."

काकूंनी टेबलावरचा ब्रश उचलला आणि खडूच्या रेघा झाडायला घेतल्या. मशीनवरची उठून आली आणि टाचण्या काढू लागली. तुकडा सरळ बसवला तर कापड वीतभर कमी पडत होतं, कुठेतरी जोड द्यावाच लागणार होता. तिघी वाकून बघत राहिल्या.

"राग आहे हं अजून," काकू खाली बघतच म्हणाल्या.

"असू दे," चिमणी म्हणाली. "जोड कुठे देऊ?"

काकूंनी घडीत दडेल अशा जागी बोट ठेवलं.