मागे घेतलेला शोधनिबंध

फळ्यावर खडू टेकवण्याआधी अर्चना क्षणभर थांबायची. आणि त्या निमिषाच्या शांततेतून, वैशाखाच्या पांढऱ्या उन्हात तापलेल्या वर्गात, एकातून एक गुंफलेली वेटोळी अलगद उमटू लागायची. अवकाश सलग नाही, ते अशाच अतिसूक्ष्म वेटोळ्यांनी विणलेलं आहे, असं मानणाऱ्या ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ या विषयानं तिला झपाटलं होतं. ती माझी विद्यार्थिनी, पुढे पीएच.डी. करून आमच्याच विभागात तात्पुरत्या जागेवर आली. करमाडहून बसनं यायची. लागोपाठच्या दुष्काळांत तिच्या घरची मोसंबीची बाग वाळून गेली होती, आणि जालना रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांचे पत्रे चकाकू लागले होते. थकवा तिच्या चेहऱ्यावर दिसत नसे. तो आवाजात होता, वाक्याच्या शेवटी खोल जाणाऱ्या.

कृष्णविवर कोणतंही असो, त्यात कोसळणारं द्रव्य एका मर्यादेला पोचून पुन्हा उसळतं, असं तिनं चार वर्षांच्या गणितातून मांडलं. निबंध छापून आला. त्याच्याच बळावर परदेशातल्या एका संस्थेनं तिला संशोधनासाठी बोलावलं.

निघायला महिना उरला असताना, एका दुपारी ती उस्मानपुऱ्यात माझ्या घरी आली. आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं. मी बादल्या भरत होतो. ती दाराशीच उभी राहिली.

“सर, माझं चुकलंय. एक गृहीतक फक्त स्थिर कृष्णविवरापुरतं खरं आहे. ते जरा जरी फिरत असलं, तरी गणित टिकत नाय.”

मी ओल्या हातांनीच तिच्या हातातले कागद घेतले, बराच वेळ पाहिले. तिचं म्हणणं खरं होतं.

“तिथं गेल्यावर दुरुस्त कर,” मी म्हणालो. “आत्ता कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय की, सर.”

त्यात आरोप नव्हता, म्हणूनच ते मला लागलं. त्याच आठवड्यात तिनं निबंध मागे घेतला. कुठे आणि का चुकलं ते दोन पानांत स्वच्छ लिहून ठेवलं. निमंत्रण रद्द झालं. पुढच्या उन्हाळ्यात विभागातली जागाही गेली. क्रांती चौकाजवळच्या एका शिकवणीत ती काही काळ बारावीला शिकवत होती. मग शहर सोडून गेली, आणि तिचा नंबर लागेनासा झाला.

परवा एका अनोळखी तरुण संशोधिकेचा ईमेल आला. फिरत्या कृष्णविवरांवरचं तिचं काम अर्चनाच्या त्या दोन पानांपासून सुरू झालं होतं. ‘मॅडम सध्या कुठे असतात?’ तिनं विचारलं होतं.

मला सांगता आलं नाही. तू योग्य केलंस, एवढंसुद्धा मी अर्चनाला कधी म्हणालो नव्हतो. काळ माणसं नेतो आणि हळूहळू त्यांचे चेहरेही नेतो. पण त्यांना सांगायचा राहून गेलेला शब्द तो आपल्याचपाशी ठेवून जातो, आणि आपण त्यालाच आठवण म्हणत राहतो.