न आलेला नकार

देवीदासभाऊंनी तीस वर्षांत कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि शेंदूरजनाघाटात हा त्यांचा मोठेपणा समजला जाई. ‘हो’सुद्धा ते फारसं म्हणत नसत, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. संत्री निवडून परराज्यांत पाठवणारी त्यांची कंपनी. दोन शेड, शंभरावर माणसं, आणि अकोल्याच्या ऑफिसात बसणारे धाकटे भाऊ चंद्रभान. मोठी बाग घ्यायची तर दोघांची सही लागे. देवीदासभाऊ म्हणत, चंद्रभानले विचारतो. चंद्रभान म्हणत, दादा म्हणतील तसं. या दोन वाक्यांच्या मधे कागद आरामात आठवडाभर झोपत असे.

योगेश या कंपनीसाठी बागा पाहायचा. नोव्हेंबरात त्यानं पार्बताबाईंची पाचशे झाडांची बाग पाहिली. फळानं रंग धरला होता. दहा दिवसांत तोडायलाच हवं होतं. भाव बोलला गेला, दोघांनाही पटला. मग पार्बताबाईंनी त्याला धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, भाकर वाढली. त्यांच्या घरची रीत अशी, की बागेत जेवलेल्या गिऱ्हाइकाचा नकार आल्याशिवाय माल दुसऱ्याला द्यायचा नाही.

चौथ्या दिवशी तिवस्याचा एक व्यापारी इसाराचे आगाऊ पैसे खिशात घेऊनच आला. भावही जरा वरचा देत होता. पार्बताबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि योगेशला फोन केला. योगेशनं देवीदासभाऊंना विचारलं. त्यांनी सांगितलं, बाग चांगली आहे, घेऊच म्हणा, पण चंद्रभान नातेवाइकाच्या लग्नात अडकलाय. योगेशनं पार्बताबाईंना एवढंच कळवलं, की दोन दिवस थांबा. मग आणखी दोन दिवस. मग त्याला दिवसांचा आकडा सांगायचीही लाज वाटू लागली. व्यापारी पुन्हा येऊन गेला. नवव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि दोन रात्री पाऊस झाला.

तेराव्या दिवशी दोन्ही सह्या झाल्या. योगेश मोटरसायकल दामटत बागेत पोचला, तेव्हा पार्बताबाई गळालेली संत्री टोपल्यात भरून खड्ड्यात टाकत होत्या.

“काकू, मंजुरी आली.”

“कायची?”

“बागेची. दोघायच्या सह्या झाल्या.”

“मंग झाडावर हाय तेवढं मोजून घ्या. खालच्याले सही लागत नाही.”

योगेशनं ओळीओळीनं फिरून पाहिलं. दहातली चार फळं जमिनीवर होती, आणि वर होती त्यातलीही कित्येक हाताला मऊ लागत होती. लांबच्या प्रवासाला ती टिकणार नव्हती. तिथूनच त्यानं देवीदासभाऊंना फोन लावला. भाऊ माणूस म्हणून वाईट नव्हते, मनापासून हळहळले. म्हणाले, पावसानं थोडं थांबायला पाहिजे होतं.

योगेशनं फोन खिशात ठेवला. पार्बताबाई टोपलं टेकवून त्याच्याकडे पाहत होत्या.

“तो तिवस्यावाला दोनदा आला होता. त्याले म्या सांगतलं, आमचं बोलनं झालं हाय. एक सांगा योगेशभाऊ, नाही म्हनायले तुमचं काय जात होतं?”

योगेशनं पायाशी पडलेली दोन संत्री उचलून त्यांच्या टोपल्यात टाकली.

धुऱ्यापलीकडे शेजारच्या बागेचे शालिकरामकाका उभे होते. त्यांचीही बाग योगेशनंच पाहिली होती, आणि तिचा कागद चार दिवसांपासून अकोल्यात होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मंग मी काय करू?” त्यांनी विचारलं. “थांबू का?”

काकांच्या बागेचे ट्रक आपल्याच शेडात उतरायला हवेत, यासाठी योगेशला पगार मिळत होता. त्यानं धुरा ओलांडून शालिकरामकाकांच्या झाडाचं एक फळ दाबून पाहिलं. तिथली फळं रंगाला मागं होती, म्हणून पावसातही घट्ट राहिली होती.

“नका थांबू, काका. आमचं ‘नाही’ समजा. तिवस्यावाल्याचा नंबर काकूपाशी हाय. आताच लावा.”

पार्बताबाईंनी चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि नंबर सांगायला सुरुवात केली.