काशाची वाटी

मायचे पाय स्वस्थ राहतच नव्हते. खाटेवर, मग गार फरशीवर, मग भिंतीला. जिथं ठेवावेत तिथून ती पुन्हा उचलायची. कॅन्सरच्या केमोनं तळव्यांना मुंग्या आणि आग. एरंडोलच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी घेऊन यायचा, कुणी गव्हांकुराचा रस, कुणी कुठल्या बाबाची भुकटी. आजारी माणसाला बघायला येतात की माल खपवायला, हेच मला कळेना. मी सगळं उकिरड्यावर टाकलं.

एकच गोष्ट कामी आली. खोबरेल लावून काशाच्या वाटीनं तळवे चोळले की तिचा डोळा लागायचा. जळगावच्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, "चालेल. जोर नको, शेक नको, कातडी लाल झाली तर थांबा. केमो मात्र चुकवू नका."

जळगावला पुढचा डोस उद्याच होता आणि परवा मला नोकरीवर धुळ्याला परतायचं होतं. माय म्हणाली, "मी नही जावाव. तू गयी म्हंजे पाय कोन चोळी?"

"नाना शेतस ना."

"नवरानी पायले हात लावा ते बठ्ठं पाप माले लागी."

माझं डोकंच फिरलं. डोस चुकवून मरण ओढवून घेणं पाप नाही का, असं मी तोंडावर बोलले. ती भिंतीकडे वळली.

माझे वडील, नाना, सकाळपासून ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. ते आत आले, फडताळातली वाटी काढली आणि खाटेच्या पायथ्याशी बसले. मायनं पाय लुगड्यात ओढून घेतले.

"पाप मन्हा नावे लिख," ते म्हणाले. "मी उपाशी ऱ्हासू, पन तुन्हाबिगर नही ऱ्हावाव."

असं काही मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. माय उठली. आधी तिनं त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं, मग पुन्हा खाटेवर बसून पाय पुढे केला. नानांनी इतक्या जोरात चोळायला घेतलं की वाटी घोट्यावर आपटली.

"हळू. भांडं शे का ते?"

नानांनी हात सैल सोडला. थोड्या वेळानं तिचा पाय त्यांच्या मांडीवर टेकला आणि तिथंच राहिला.

"ज्योत्स्ना," डोळे मिटूनच ती म्हणाली, "सकायले डबा लवकर करजो. जळगावनी गाडी चुकाले नको."