सहादू आबांचा प्रश्न

सहादू आबांना लकव्याचा झटका आला, त्याच्या आठव्या दिवशी त्यांचा एकुलता मुलगा सोमनाथ सिन्नर फाट्यावर अपघातात गेला. आबा तेव्हा दवाखान्यात होते. त्यांना कळू द्यायचं नाही, असं घरच्यांनी ठरवलं. सोमनाथला कंपनीने गुजरातला पाठवलंय, एवढंच सांगायचं. सून प्रतिभा त्यांच्यासमोर जाताना मंगळसूत्र घालायची, बाहेर आली की काढून ठेवायची.

आबा नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. विहारात त्यांच्या गाण्याशिवाय जयंती पार पडत नसे. आता उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडातून नुसतं 'त... त' निघायचं.

"बोलण्याची जागा मेंदूच्या डावीकडे असते, तिला मार बसलाय," वाचा-उपचार करणाऱ्या योगिनी मॅडम म्हणाल्या. "सुरांचं काम बरंचसं उजवीकडे चालतं. संशोधनात दिसलंय, की त्या वाटेने काहींचे शब्द परत येतात. करून बघू."

रोज सकाळी प्रतिभा आबांचा डावा हात धरून टेबलावर ठेका द्यायची आणि वर-खाली अशा दोन सुरांत म्हणायची, "पा-णी द्या." दीड महिन्याने आबांनी पाणी मागितलं. सासूबाई, सुमनबाई, पदरात तोंड लपवून रडल्या.

मग काही महिन्यांनी एका सकाळी आबांनी स्वतःच ठेका धरला. "सोम-नाथ..."

"गुजरातला हायेत ते, आबा."

आबांनी मान हलवली. पुन्हा ठेका. "सोम-नाथ मे-ला." सूर तोच, पाणी मागायचा.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्यांनी कानाला बोट लावलं. तेव्हा प्रतिभाला आठवलं. दवाखान्यात त्यांच्या पायथ्याशीच सगळे रडले होते. 'यांना काय कळतंय आता,' असं कुणीतरी म्हणालं होतं. सात महिने हा माणूस ते एकट्याने सोसत होता.

"बंद कर ते गाणं," सुमनबाई ओरडल्या. "मुके होते तेच बरं होतं!" त्या लेकीकडे सायखेड्याला निघून गेल्या, त्या महिनाभर आल्या नाहीत.

आबा रोज प्रतिभाचा हात धरून काहीतरी विचारू बघायचे आणि अडायचे. तिला कळत होतं. शेवटी तिने ते शब्द सुरात बसवले. नऊ दिवस लागले.

"क-सा गे-ला?"

तिने सांगितलं. कंटेनर, हँडलला अडकवलेलं हेल्मेट, रस्त्यावर पडून राहिलेला पाऊण तास. आजवर ती हे कुणाशीच बोलली नव्हती. सोमनाथ आबांचाच डबा घेऊन दवाखान्याकडे निघाला होता, तेवढं मात्र तिने गिळलं.

आबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले, बोटं टेबलावर दोनदा आपटली. पण पुढच्या प्रश्नाचे शब्द त्यांच्यापाशी नव्हते. ते प्रतिभाने त्यांना कधीच शिकवले नाहीत.